सामुदायिक रेडिओवर नवे आहात? कार्यक्रमांचा आठवडा असा बांधा

सामुदायिक रेडिओ म्हणजे एका छोट्या टापूतल्या लोकांसाठी, त्यांच्याच सहभागातून चालणारं केंद्र. तिथे नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं, की रोजचे कितीतरी तास भरायचे आहेत आणि भरणारी माणसं मोजकी आहेत. मग हात आपोआप सोप्या वाटेकडे वळतो. दोन गाणी, मधे थोडं निवेदन, पुन्हा दोन गाणी. नाहीतर कुठलं तरी माहितीपत्रक उघडून ते सरळ वाचून दाखवायचं. हे कुठल्याही मोठ्या एफएम वाहिनीवर याहून चांगलं ऐकायला मिळतं, त्यामुळे श्रोता तिकडे जातो. तुमच्या केंद्राकडे असलेली आणि दुसऱ्या कुणाकडेच नसलेली गोष्ट म्हणजे आसपासची माणसं. विविधता आणायची ती तिथून. कार्यक्रमांचे प्रकार वाढवण्याआधी माइकसमोर येणारी माणसं वाढवा, असं माझं ठाम मत आहे आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच मतावर उभ्या आहेत.

थोडी पार्श्वभूमी. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना व कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक रेडिओ चालवता येऊ लागला. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ २००८ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी तेलंगणात, म्हणजे तेव्हाच्या आंध्रात, दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेलं ‘संघम रेडिओ’ सुरू झालं. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’ ही नावंही तुम्ही ऐकली असतील. परवाना कसा मिळवायचा हा या लेखाचा विषय नाही. केंद्र उभं आहे, तुम्ही तिथे स्वयंसेवक किंवा नवे निवेदक म्हणून आला आहात, असं धरून चालतो.

पायरी १ : काय चालतं आणि काय नाही, हे आधी पाठ करा

सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, एक शब्दही न बदलता लावता येतात. शेजारच्या नेपाळमध्ये १९९७ साली सुरू झालेलं ‘रेडिओ सगरमाथा’ बातम्या देतं आणि दक्षिण आशियातलं पहिलं स्वतंत्र सामुदायिक केंद्र म्हणून त्याचं नाव आहे. आपल्याकडे ही मुभा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं, पण आजचा नियम आजचा आहे. तो मोडून केंद्राचा परवाना धोक्यात घालू नका.

आता दुसरी बाजू बघा. स्थानिक खेळांची माहिती, वाहतूक, हवामान, जत्रा-उत्सव, परीक्षा आणि निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, पाणी-वीज यांच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीचे आणि आरोग्याचे इशारे हे सगळं ‘बातमी’त धरलं जात नाही. गावात माणसं रोज सकाळी एकमेकांना जे विचारतात, त्यातलं बहुतेक या यादीत येतं. म्हणजे बंदी असूनही मोकळं रान बरंच मोठं आहे.

आणखी तीन गोष्टी. किमान निम्मा मजकूर स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार झालेला हवा आणि तो शक्यतो स्थानिक भाषेत, बोलीत हवा. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे. २०२४ पूर्वी ती ७ मिनिटं होती. आणि आकाशवाणीची कार्यक्रम व जाहिरात संहिता तुमच्या केंद्रालाही लागू आहे. तिची प्रत केंद्रात असते, एकदा बसून वाचून काढा.

पायरी २ : लहरी पोचतात तिथे पायी फिरा

सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपणाची प्रभावी ताकद साधारणपणे १०० वॅट असते आणि अँटेनाची उंची जास्तीत जास्त ३० मीटर. सपाट जमिनीवर आवाज १० किलोमीटरच्या आसपास नीट पोचतो, डोंगरदऱ्यांत त्याहून कमी. एवढा टापू फिरून होण्यासारखा आहे, म्हणून फिराच. खिशात छोटा रेडिओ ठेवा आणि कुठल्या वाडीत खरखर सुरू होते ते टिपून घ्या. जिथे केंद्र लागतच नाही त्या वस्तीसाठी तासाभराची मालिका करण्यात अर्थ नसतो.

बरोबर एक वही ठेवा. तिच्यात पाच रकाने आखा: वेळ, कोण, कुठे, कशावर ऐकतो, त्या वेळी हात कशात गुंतलेले असतात. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. पहाटे धार काढणारा माणूस, सकाळी भाकऱ्या थापणारी बाई, दुपारी शिलाईयंत्रावर बसलेली मुलगी, मेंढ्यांमागे फिरणारा धनगर, संध्याकाळी दुकानात बसलेला किराणावाला. यांचे हात कामात असतात, कान मोकळे असतात. भाकरी थापणाऱ्या बाईला ‘हा नंबर लिहून घ्या’ म्हणून उपयोग नाही. नंबर सांगायचाच असेल तर सोपा सांगा, तीनदा सांगा आणि संध्याकाळी पुन्हा सांगा.

‘कशावर ऐकतो’ हेही खोदून विचारा. फोनवरच्या एफएमला बहुतेक वेळा हेडफोनची वायर लावावी लागते, कारण तीच अँटेनाचं काम करते. म्हणजे हा श्रोता एकटा ऐकतो. पुष्कळ नव्या फोनमध्ये एफएम नसतंच. याउलट हॉटेलात, पिठाच्या गिरणीत, केशकर्तनालयात लावलेला रेडिओ दहाजण ऐकतात. एकट्याने ऐकायच्या गोष्टी वेगळ्या, चारचौघांत ऐकायच्या वेगळ्या. पाळीच्या तक्रारींवरचा कार्यक्रम गिरणीत रेडिओ लागतो त्या वेळी ठेवला, तर दळण घेऊन आलेली बाईच अवघडून जाते.

फिरताना ‘तुम्हाला कुठला कार्यक्रम आवडेल?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: गाणी. त्याऐवजी विचारा, की गेल्या महिन्यात कुठली गोष्ट वेळेवर कळली असती तर नुकसान टळलं असतं? इथे गाणं कोणाला चांगलं येतं? भांडण कोण मिटवतं? जुन्या गोष्टी कोण सांगतं? दोन-चार वाड्या झाल्या की वहीत पुढच्या सहा महिन्यांचे विषय आणि माणसं जमलेली असतात.

पायरी ३ : आठवड्याचा तक्ता आखा, पण सगळा भरू नका

आकाशवाणीत याला फिक्स्ड पॉइंट चार्ट म्हणतात: कुठल्या वारी, किती वाजता, काय. तुम्हीही एका मोठ्या कागदावर आखा आणि भिंतीवर लावा. नव्या टीमने रोज एक तासाचा ताजा मजकूर जमवला तरी ते मोठं काम आहे. बाकी वेळ पुनःप्रक्षेपणाला द्या आणि त्यात संकोच बाळगू नका. सकाळी शेतावर गेलेल्या माणसासाठी रात्री साडेआठचं पुनःप्रक्षेपण हाच पहिला कार्यक्रम असतो.

वेळ मात्र पाळा. हवामान सकाळी पावणेसातला म्हटलं की पावणेसातलाच. लोक आपल्या कामांची घडी त्यावर बसवतात. तीन दिवस पाच-सात मिनिटं पुढेमागे झालं तर चौथ्या दिवशी कोणी लावत नाही.

तक्ता तयार झाला की एक तपासणी करा. प्रत्येक चौकटीत त्या कार्यक्रमात कोणाचा आवाज ऐकू येतो ते लिहा. निवेदक, निवेदक, डॉक्टर, सर, निवेदक, अधिकारी असं दिसलं तर कार्यक्रमांची नावं कितीही वेगळी असोत, तुमच्या केंद्रावर एकच कार्यक्रम चालू आहे. म्हातारी माणसं, शाळकरी मुलं, शेतमजूर, गावात नव्याने लग्न होऊन आलेल्या मुली, ऊसतोडीला जाऊन आलेली कुटुंबं आठवड्यात एकदा तरी आली पाहिजेत.

पायरी ४ : प्रकार निवडा

सगळे प्रकार एकदम सुरू करू नका. दोनांनी सुरुवात करा, महिन्याने तिसरा घ्या. मला महत्त्वाचे वाटतात ते सांगतो.

उपयोगी माहितीच्या छोट्या पट्ट्या. दोन ते तीन मिनिटांच्या, रोजच्या ठरल्या वेळी. बाजार समितीतले भाव, पाऊस, नळाला पाणी कधी येणार, लसीकरणाचा दिवस, एसटीच्या वेळेतला बदल. यात कला फारशी नाही, काटेकोरपणा लागतो. माहिती कोणी दिली आणि कधी दिली हे लिहून ठेवा. तमिळनाडूत पांबनला मच्छीमारांसाठी ‘कडल ओसै’ नावाचं केंद्र आहे. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला वाऱ्या-लाटांचा अंदाज किती कामाचा, हे कोकणातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मुलाखत. नव्या माणसाला हा प्रकार सोपा वाटतो आणि हाच सगळ्यात जास्त बिघडतो. ‘आपल्या कार्याविषयी श्रोत्यांना काय सांगाल?’ या प्रश्नाने माणूस भाषणाच्या आवाजात शिरतो. त्याऐवजी ‘काल सकाळी उठल्यावर पहिलं काम काय केलंत?’ असं विचारा. माणूस आठवायला लागतो आणि त्याची खरी बोली बाहेर येते. प्रश्न छोटा ठेवा, मग गप्प बसा. उत्तर संपल्यावर मनात दोन-तीन अंक मोजा, अनेकदा महत्त्वाचं वाक्य तेव्हाच येतं. ‘हं’, ‘बरोबर’, ‘अच्छा’ हे तोंडाने न म्हणता मानेने म्हणा, नाहीतर संपादनाच्या वेळी तुमचे हुंकार काढताना रात्र जाईल.

ओव्या आणि लोकगीतं. इथे मी जरा रेंगाळणार आहे. महाराष्ट्राच्या गावोगावी जात्यावरच्या ओव्यांचं प्रचंड धन आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांबरोबर एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यांचा प्रकल्प चालू आहे. तुमच्या दहा किलोमीटरच्या टापूतही अशा गाणाऱ्या बाया असतीलच, पण त्यातल्या बहुतेक आता साठी-सत्तरीच्या पुढे आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

ओवी स्टुडिओत खुर्चीवर बसवून गायला लावली की बाई बावरते. तिच्या घरी जा. जातं असेल तर ती जात्यावर बसू दे, मूठभर धान्य टाकू दे. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज राहू द्या, कारण त्या कामाच्या लयीतच ती चाल बसलेली आहे. मागे तबला-पेटी जोडण्याचा मोह टाळा. दोघी-तिघी असतील तर एकीला आठवलं नाही की दुसरी पुढचं चरण उचलते, आणि ती देवाणघेवाण एकटीच्या गाण्याहून जास्त रंगते. गाऊन झाल्यावर विचारा: ही कोणाकडून शिकलात? माहेर कुठलं? कोणत्या दिवसात गायची? प्रक्षेपणात गाणारीचं पूर्ण नाव आणि गाव प्रत्येक वेळी सांगा. दोन कार्यक्रमांच्या मधली फट बुजवायला ओवी वापरू नका. तिला स्वतःची वेळ द्या, दहा मिनिटं का होईना. हेच धनगरी ओव्या, भारूड, भलरी, वासुदेवाची गाणी, आदिवासी पाड्यांवरची लग्नगीतं या सगळ्यांना लागू आहे.

बोलीतला कार्यक्रम. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, पावरी, कोरकू, गोंडी… तुमच्या टापूत जे बोललं जातं त्यात आठवड्यातून किमान एक पूर्ण कार्यक्रम असू द्या, आणि तो विनोदापुरता नको. बँकेत खातं कसं उघडायचं, तापात मुलाला काय द्यायचं, हे बोलीत सांगा. प्रमाण मराठीत गंभीर विषय आणि बोलीत हसवणूक अशी वाटणी झाली, की त्या बोलीची माणसं आपोआप मागच्या बाकावर जातात.

श्रुतिका. ज्या विषयावर गावात कोणी नावानिशी बोलणार नाही, तिथे श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं छोटं नाटक, कामाला येते: दारू, हुंडा, लवकर लावलेलं लग्न, सावकारी. आठ मिनिटं, तीन किंवा चार पात्रं, त्याहून जास्त आवाज ऐकणाऱ्याला वेगळे ओळखू येत नाहीत. पात्रांची नावं गावात कोणाला चिकटणार नाहीत याची काळजी घ्या. शेवटी डॉक्टरांनी किंवा सरपंचांनी येऊन उपदेश करायचा हा जुना साचा सोडून द्या. गोष्ट अवघड वळणावर थांबवा आणि लोकांना फोन करू द्या.

फोन-इन. थेट कार्यक्रमात फोन घेणारा आणि बोलणारा वेगळा हवा. फोन घेणाऱ्याने आधी नाव, गाव आणि प्रश्न विचारून घ्यायचा, मगच जोडायचं. कोणी भर कार्यक्रमात एखाद्याचं नाव घेऊन आरोप केला तर शांतपणे सांगा, ‘ताई, नाव न घेता अडचण सांगा, तिच्यावर बोलू,’ आणि तरीही चालूच राहिलं तर फोन खाली घ्या. पैसे वाचवायचे म्हणून पुष्कळ जण मिस्ड कॉल देतात. त्यांना उलट फोन करून प्रश्न ध्वनिमुद्रित करून घेतला, तर थेट प्रक्षेपणाची धाकधूक टळते.

श्रोता गट. १९५६ साली पुणे आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या भागांतल्या १५० गावांत युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास कार्यक्रम. गावातला गट एकत्र बसून ऐकायचा, मग चर्चा करायचा, आणि प्रश्न आकाशवाणीला पाठवायचा. ऐका, चर्चा करा, कृती करा हे त्याचं सूत्र होतं. गट असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत स्पष्ट वाढ दिसली आणि पुढे हा उपक्रम देशभर नेला गेला. आपल्याच मातीत झालेलं हे काम नव्या केंद्रांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. एका बचत गटाला आणि एका भजनी मंडळाला विचारून बघा. महिन्यातून दोनदा एकत्र ऐकायचं, नंतरची चर्चा मोबाइलवर टिपायची आणि पुढच्या भागाची सुरुवात त्यातल्याच आवाजाने करायची.

मुलांचे कार्यक्रम मुलांकडूनच करून घ्या. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात रेकॉर्डर द्या आणि आजीची मुलाखत घ्यायला सांगा. मोठ्यांनी लिहून दिलेलं पाठांतर नको.

पायरी ५ : पहिला पंधरा मिनिटांचा कार्यक्रम

विषय छोटा घ्या. ‘शेळीपालन’ हा विषय मोठा. ‘पावसाळ्याआधी शेळ्यांना आंत्रविषाराची लस’ हा पंधरा मिनिटांचा विषय. मे महिन्यात प्रसारित करायचा असं धरून मांडणी बघा.

पहिलं अर्ध मिनिट ओळखीची धून. मग एक मिनिट शेळ्यांच्या बाजारातला आवाज, त्यावर निवेदकाची दोन वाक्यं. मग चार मिनिटं शेळ्या राखणारी बाई: मागच्या पावसाळ्यात कोवळं गवत खाऊन चांगली धट्टीकट्टी करडं अचानक कशी दगावली, ते तिच्या शब्दांत. मग तीन मिनिटं पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर: हे का होतं, लस कधी आणि कुठे मिळते. त्यानंतर दोन मिनिटं एखादं धनगरी गाणं. पुढची तीन मिनिटं श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि डॉक्टरांची उत्तरं. उरलेल्या दीड मिनिटात तारीख, वार, ठिकाण दोनदा सांगून निरोप.

क्रम बघा: बाई आधी, डॉक्टर नंतर. डॉक्टरांपासून सुरुवात केली की ऐकणाऱ्याला वर्गात बसल्यासारखं होतं. बाईपासून केली की पुढे डॉक्टरांना विचारायचा प्रश्न त्याच्याच मनात तयार होतो.

लिहिताना बोलण्याची वाक्यं लिहा. निवांत वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, त्या हिशेबाने संहिता कापा. ‘सदर योजनेअंतर्गत पात्र लाभार्थ्यांनी’ असं कागदावर आलं तर खोडा आणि ‘ज्यांच्या नावावर अर्धा एकर जमीन आहे, त्यांनी’ असं काय ते स्पष्ट लिहा.

पायरी ६ : ध्वनिमुद्रण

महागडं साहित्य नसलं तरी चालतं. चांगला फोन आणि साधा कॉलर माइक पुरतो. पंखा, फ्रीज, टीव्ही बंद करायला सांगा. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटत नाहीत. वाऱ्यात माइकवर फोमची टोपी चढवा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा गोधड्या टांगलेली किंवा धान्याची पोती रचलेली खोली निवडा. बोलणं सुरू होण्याआधी अर्धा मिनिट त्या जागेची नुसती शांतता मुद्रित करा. संपादनात जोड लपवायला ती लागते. ऑडॅसिटी हे संपादनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बाकी करता करता येतं.

पायरी ७ : परवानगी आणि हक्क

बोलणाऱ्याला आधी सांगा, की हे कधी वाजणार, किती वेळा वाजणार आणि इंटरनेटवर जाणार का. मग त्याचा होकार ध्वनिमुद्रितच करून घ्या. सही करायला संकोचणारी माणसं तोंडी होकार आनंदाने देतात. आजार, कौटुंबिक हिंसा असे विषय असतील तर नाव आणि वाडी दोन्ही वगळा, कारण छोट्या गावात नुसत्या आवाजावरूनही माणूस ओळखता येतो. गरज वाटली तर बोलणाऱ्याचे शब्द दुसऱ्या आवाजात वाचून घ्या. दुसऱ्या दिवशी कोणी ‘ते वाजवू नका’ म्हटलं, तर वाजवू नका.

चित्रपटगीतांवर हक्क असतात आणि ती वाजवायला पैसे मोजावे लागतात. स्थानिक गाण्यांकडे वळायला हे आणखी एक कारण.

पायरी ८ : पैसे देणाऱ्याला तक्ता ठरवू देऊ नका

सरकारी जाहिरातींचा दर २०२४ मध्ये १० सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. गावातली दुकानं, पतसंस्था, क्लासवाले यांच्या जाहिराती मिळतात. प्रायोजित मालिकाही येतात: या महिन्यात पोषण, पुढच्या महिन्यात आर्थिक साक्षरता. पैसे हवेतच, वीजबिल कोणाला चुकत नाही. पण प्रायोजकाने तयार फाइल पाठवली आणि ‘एवढी रोज वाजवा’ म्हटलं, तर आपल्या लोकांच्या आवाजात ती पुन्हा करायची परवानगी मागा. विषय तोच ठेवून माणसं तुमच्या टापूतली घ्या. प्रायोजित वेळ आठवड्यात किती झाला हे तक्त्यावर वेगळ्या रंगाने भरत चला. तो रंग सकाळ-संध्याकाळच्या सगळ्या चांगल्या वेळा व्यापू लागला, की केंद्राच्या सल्लागार व मजकूर समितीपुढे विषय ठेवा. या समितीत किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमच्या केंद्रात तसं आहे का तेही बघा.

पायरी ९ : ऐकणाऱ्यांकडे परत जा, आणि फाइली जपा

दर तीन महिन्यांनी तीच वही घेऊन त्याच वाड्यांत जा. ‘कार्यक्रम आवडतो का’ याला सगळे हो म्हणतात. ‘परवा शेळ्यांच्या कार्यक्रमात काय सांगितलं?’ असं विचारलं की खरं काय ते समजतं. कोणालाच आठवत नसेल तर वेळ चुकली की मांडणी, हे शोधा. वेळ बदलून एक महिना चालवा, तरीही नाही जमलं तर कार्यक्रम बंद करून त्या चौकटीत दुसऱ्या कोणाला तरी जागा द्या.

प्रसारित झालेले सगळे कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं नियमानेच बंधनकारक आहे. ओव्या, जुन्या आठवणी, बोलीतल्या गोष्टी यांना मात्र तीन महिन्यांची मुदत लावू नका. मूळ, न कापलेली वेव्ह फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक केंद्राच्या इमारतीबाहेर. फाइलच्या नावात तारीख, गाव, बोलणाऱ्याचं नाव आणि विषय या क्रमाने लिहा. ‘न्यू रेकॉर्डिंग ४७’ नावाची फाइल वर्षभराने कोणालाही सापडत नाही.